सकाळी आठचा फोन: इंग्लंडमधला जीपी आणि आपण ऑटिस्टिक मोठी माणसं

नमस्कार मंडळी. मागे मी माझ्या ऑटिझमच्या, म्हणजे मेंदूच्या जन्मजात वेगळ्या घडणीच्या, डायग्नोसिसचा व्हिडिओ टाकला होता ना, त्याच्याखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, की ताई, तू डॉक्टरकडे जातेस कशी? कुणी स्वतःसाठी विचारलंय, कुणी इकडे लेस्टर नाहीतर स्लाउला राहणाऱ्या भावासाठी. तर आज तेच बोलू.

बेसिक गोष्टी पटकन. इंग्लंडमध्ये जीपी म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर आणि त्यांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, ऑपरेशनशी काही संबंध नाही. अपॉइंटमेंट साधारण दहा मिनिटांची. पैसे लागत नाहीत. आणि मी ऑटिस्टिक म्हणते, स्वमग्न म्हणत नाही, कारण स्वतःतच मग्न असते तर वेटिंग रूममधल्या बारा जणांचे आवाज एकाच वेळी डोक्यात शिरले नसते. तुम्हाला तो शब्द आवडत असेल तर वापरा, माझी तक्रार नाही.

आता मुद्दा. फोन.

बऱ्याच सर्जरींमध्ये वर्षानुवर्षं पद्धत अशी की सकाळी आठला लाइन सुरू होते, आठलाच फोन करायचा, रांगेत थांबायचं, आणि तुमचा नंबर येईपर्यंत त्या दिवशीच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात, मग उद्या आठला पुन्हा. थांबायचं तर थांबेन, पण थांबताना कानात ते म्युझिक, मधेच तुटून येणारी अनाउन्समेंट, आणि अचानक खरा माणूस बोलायला लागतो, काय होतंय सांगा. माझ्या डोक्यात उत्तर तयार असतं, ते तोंडात येईपर्यंत तिकडून पुढचा प्रश्न येतो, मग पहिलं उत्तरही जातं. समोरच्याचा चेहरा नाही, ओठ दिसत नाहीत, आणि मी गप्प राहिले की ती बाई म्हणते, हॅलो, हॅलो, आणि फोन ठेवते. माझ्याबाबतीत हे एकदा नाही, पाच-सहा वेळा झालंय.

मग नवरा फोन करायचा. तर रिसेप्शनवरून सांगितलं, पेशंटशीच बोलावं लागेल, तुमच्या मिसेसना द्या. त्यांचा नियम बरोबर आहे, उद्या कुणीही कुणाच्या नावाने फोन करेल. पण त्यावर उपाय आहे, मी लेखी परवानगी दिली की नवरा माझ्या वतीने बोलू शकतो, आणि हे मला दोन वर्षं कुणी सांगितलंच नाही. दोन वर्षं!

एका दादांनी कमेंट केलीये, फोन करायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, त्यात काय एवढं. दादा, राग नाही, पण आकडे बघा. २०२२ मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात मेरी डोहर्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, डोहर्टी स्वतः ऑटिस्टिक डॉक्टर आहेत. ५०७ ऑटिस्टिक मोठ्या माणसांना विचारलं, त्यातल्या ८० टक्के लोकांनी सांगितलं की जीपीकडे जाणं अवघड पडतं. ऑटिस्टिक नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होतं. आणि ऑटिस्टिक लोकांपैकी ६२ टक्के म्हणाले, फोनवर अपॉइंटमेंट घेणं ही एक अडचण. अडचण म्हणजे कंटाळा नाही हो. अडचण म्हणजे छातीत दुखतंय आणि तरी फोन उचलला जात नाही, म्हणून माणूस तीन आठवडे तसंच काढतो.

आता हाच फोन उलट्या बाजूने बघा. समजा लागला फोन. मग म्हणतात, डॉक्टर तुम्हाला नऊ ते एकच्या मधे कधीतरी कॉल करतील. कधीतरी! त्या चार तासांत मी काहीच करू शकत नाही. आंघोळीला जाता येत नाही, कुकर लावता येत नाही कारण शिट्टीत रिंग ऐकू येणार नाही, मी फोनकडे बघत खुर्चीत बसते. आणि येतो तो प्रायव्हेट नंबरवरून. उचलला नाही तर काही ठिकाणी पुन्हा आठपासून सुरुवात. मला दोन ते सव्वादोन अशी वेळ सांगा, दोनला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल, पण वेळ सांगा.

एका ताईंनी विचारलंय, तू कॅमेऱ्यासमोर इतकं छान बोलतेस, मग फोनवर काय होतं? ताई, हे लिहून काढलंय. समोर स्क्रिप्ट आहे, मधे कुणी तोडत नाही, चुकलं तर मी परत रेकॉर्ड करते, आणि पुढचं वाक्य काय ते मला माहितीये. फोनवर यातलं एकही नसतं. सर्जरीने मला लिहायला दिलं तर मी डॉक्टरांना माझी तब्येत याहून छान सांगेन.

म्हणून मी रिसेप्शनवाल्यांना हात जोडून सांगते, तुमचा फोन राहू दे, माझ्या सासूबाईंना फोनच सोपा जातो. फक्त लिहून सांगायची सोय पण द्या, आणि ती दिवसभर चालू ठेवा. आधी व्हायचं काय, वेबसाइटवर फॉर्म असायचा पण सकाळी दहापर्यंत बंद, आणि खाली लिहिलेलं, कृपया फोन करा. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या जीपींना हा ऑनलाइन फॉर्म सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० उघडा ठेवायचाय, तसं सरकारी आरोग्यसेवेशी असलेल्या त्यांच्या करारातच आलंय. हे आपल्यासाठी खूप मोठं आहे. पण फॉर्म भरल्यावर तिकडून उत्तर द्यायला फोनच येत असेल, तर मग काय उपयोग, सांगा.

वेटिंग रूमचं थोडक्यात. ट्यूबलाइटची फडफड, रेडिओ, नाव आलं की तो टिंग आवाज. मी गाडीत थांबते आणि नंबर आला की मला मेसेज करतात. नाहीतर दिवसातली पहिली अपॉइंटमेंट मागा, तेव्हा गर्दी नसते आणि उशीरही झालेला नसतो. डबल अपॉइंटमेंट मागा, म्हणजे वीस मिनिटं. झालं.

आतलं मात्र सांगायला हवं. डॉक्टर विचारतात, एक ते दहामध्ये किती दुखतंय? आपल्याकडे ठणकतं, सलतं, ठसठसतं, चमक येते, कळ येते, प्रत्येक वेगळं. त्या सगळ्याचा एक आकडा कसा करू? मी एकदा पोटात दुखत असताना ‘तीन’ म्हणाले, कारण मी चालत आले होते आणि माझ्या हिशोबात दहा म्हणजे बेशुद्ध. चेहऱ्यावर पण काही दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एवढं दुखत असतं तर तुम्ही इतक्या शांत बसला नसता. सहा दिवसांनी ॲम्ब्युलन्सने नेलं, पित्ताशयात खडे. माझं शरीर आतून काय सांगतंय हे मला उशिरा कळतं, खूप ऑटिस्टिक लोकांचं असं असतं. आकडा विचारू नका. विचारा, झोप लागली का, जेवलात का, रोजचं कुठलं काम सुटलं. त्याची उत्तरं मी अचूक देते.

आणि ऐकून न घेण्याचं टोक काय असतं तेही सांगते. ऑलिव्हर मॅकगोवन, १८ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा. त्याने आणि आईवडिलांनी सांगितलं होतं की अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारांवरची औषधं देऊ नका, त्याला ती सोसत नाहीत. तरी दिलं. २०१६ मध्ये तो गेला. त्याची आई पॉला लढली, आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेतल्या स्टाफला ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटीचं (म्हणजे बौद्धिक अक्षमतेचं) ट्रेनिंग देणं बंधनकारक झालं, त्याच्याच नावाचं ट्रेनिंग आहे. रिसेप्शनवरची माणसंही त्यात आली.

नाशिकहून एकीने लिहिलंय, आपल्याकडे असलं काही शक्यच नाही. कायदा आहे गं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि दवाखाना सरकारी असो की खाजगी, तो अडथळ्याविना असावा असंही लिहिलंय. आणि कायद्याच्या कितीतरी आधी, सांगलीत आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे एक कंपाउंडरकाका होते. मी लहानपणी बाहेरच्या बाकावर कानावर हात ठेवून बसायचे. त्यांनी एकदा बघितलं, आणि पुढच्या वेळेपासून मला न विचारता आत, औषधाच्या बाटल्यांपाशी स्टूलवर बसवायचे. ऑटिझम हा शब्द त्यांनी ऐकला नसणार. त्यांनी बघितलं आणि लक्षात ठेवलं. इकडे तेच लक्षात ठेवायचं काम एका नोटने होतं, तुमच्या रेकॉर्डवर रिझनेबल ॲडजस्टमेंट फ्लॅग, म्हणजे या पेशंटसाठी काय सोय करायची याची खूण, लावतात, तो हॉस्पिटललाही दिसू शकतो.

तो मागायचा कसा? इक्वॅलिटी ॲक्ट २०१० खाली हा तुमचा हक्क आहे, आणि डायग्नोसिसच्या कागदाची अट त्या कायद्यात नाही, त्यामुळे वेटिंग लिस्टवर असाल तरी मागा. मी काय लिहिलं ते मराठीत वाचून दाखवते:

‘मी ऑटिस्टिक आहे. मला फोनवर बोलणं जमत नाही. कृपया मेसेज किंवा ईमेल करा. फोन करावाच लागला तर आधी मेसेजने नक्की वेळ कळवा. मला गाडीत थांबू द्या. माझ्या नवऱ्याला माझ्या वतीने बोलायची परवानगी आहे. हे माझ्या रेकॉर्डवर फ्लॅग म्हणून नोंदवा.’

एवढंच. इंग्रजी मसुदा खाली डिस्क्रिप्शनमध्ये आहे, कॉपी करा, नवऱ्याच्या जागी ज्याचं नाव हवं ते टाका. मी पाठवल्यावर दोनदा तरीही फोनच आला, दोन्ही वेळा मी तोच मेसेज पुन्हा पाठवला, एक शब्द न बदलता. तिसऱ्यांदा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मेसेज आला, रिपोर्ट नॉर्मल आहे, फोन करायची गरज नाही.