कामावरच्या शिक्षणाचा लष्करी हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेने १९७३ साली सक्तीची लष्करभरती थांबवली, आणि तरुणांनी आपण होऊन सैन्यात यावे यासाठी बाजारात मिळेल तेवढा पगार देणे तिथल्या सरकारला भाग पडले. साहजिकच एक सैनिक तयार करायला किती खर्च येतो, हा प्रश्न ऐरणीवर आला. प्रशिक्षण केंद्रातला खर्च काढणे त्या मानाने सोपे, कारण शिक्षकांचे पगार आणि साहित्य यांची नोंद जमाखर्चात सापडतेच. पण अभ्यासक्रम संपवून हवाई तळावर दाखल झालेला तरुण पुढे कित्येक महिने मुरलेल्या मेकॅनिकच्या हाताखाली जे शिकतो, त्याचा खर्च कोणत्याच लेखाशीर्षाखाली दिसत नाही.

हा दडलेला खर्च मोजण्याची एक रीत रँड या कॅलिफोर्नियातील संशोधनसंस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी त्याच दशकात अजमावून पाहिली. नवख्याला मिळणारे वेतन आणि त्याच्यामुळे तुकडीच्या कामात पडणारी निव्वळ भर यांतली तफावत म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च, आणि ती सांगू शकणारा माणूस म्हणजे रोज काम करून घेणारा पर्यवेक्षक. समजा, विमानाची चाके बदलताना नवखा दिवसभरात पाव दिवसाचे काम उरकतो, पण त्याला दाखवण्यात आणि त्याने आवळलेले बोल्ट पुन्हा तपासण्यात जाणकाराचा अर्धा दिवस मोडतो. म्हणजे नवख्याचा पगार तर गेलाच, वर जाणकाराचा पाव दिवसही गेला.

पर्यवेक्षकाचे उत्तर शेवटी अंदाजच, हा आक्षेप खरा आहे. शिवाय लष्करी दुरुस्तीला बाजारभाव नसल्याने कामाचे मोल पगारावरूनच धरावे लागते, आणि शांततेच्या काळात जाणकाराला मुळात काम कमी असेल, तर शिकवण्यात गेलेला त्याचा तास फारसा महाग पडत नाही. तरीही हा खर्च शून्य धरण्यापेक्षा विचारून काढलेला आकडा मला बरा वाटतो, कारण शून्य हाही अंदाजच, आणि तो तर नक्की चुकीचा.

या आकड्याचा खरा उपयोग सेवेची मुदत ठरवताना होतो. आपल्याकडे २०२२ पासून अग्निवीराची सेवा प्रशिक्षण धरून चार वर्षांची आहे आणि प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवान पुढे कायम होतात; तेव्हा तांत्रिक कामांत हात बसल्यानंतर किती महिने उरतात, हे प्रत्येक कामासाठी वेगळे मोजावे लागेल.