कुर्डुवाडी जंक्शन आणि बार्शी लाईट रेल्वेची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज गप्पा कुर्डुवाडीच्या. सोलापूर जिल्हा, माढा तालुका, मुंबई-सोलापूर मेन लाईनवरचं जंक्शन. आता जंक्शन म्हटलं की वाटतं मोठं जुनं गाव असणार, पेठ असणार, निदान एखादी गढी तरी असणार, पण इथला बोलबाला सगळा रेल्वेनं आणलेला. आणि नुसती रेल्वे आली म्हणून हे झालं असंही नाही, नाहीतर त्या लाईनवर स्टेशनं काय कमी आहेत का. इथं दोन वेगवेगळ्या मापाच्या रेल्वे येऊन शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांचे रूळ काही एकमेकांना जुळेनात, म्हणून कुर्डुवाडी वाढली. ही न जुळण्याची गोष्टच आज सांगायची आहे.

सुरुवात जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपासून. मुंबईहून दक्षिणेकडे मद्रासच्या दिशेनं लाईन टाकायचं काम चाललं होतं, ती पुणे, दौंड, दिक्सळ करत १८५९ साली इथवर आली आणि पुढच्या वर्षी, १८६० ला, सोलापूरला पोचली. (गंमत बघा, तेव्हा खंडाळ्याच्या घाटातली लाईन तयारच नव्हती, ती झाली १८६३ ला. म्हणजे तीन वर्षं सोलापूरहून गाडीनं निघालेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, घाट आपला आपण उतरायचा आणि खाली परत गाडीत बसायचा.) या नव्या स्टेशनाला इंग्रजांनी नाव दिलं बार्सी रोड. आणि बार्शी कुठं, तर तिथून ३५ किलोमीटर लांब. म्हणजे इथं उतरा आणि पुढं रस्त्यानं जा, असा सगळा मामला.

बार्शीचं नाव द्यायचं कारण उघड होतं. बार्शी तिथं सरशी ही म्हण आपण ऐकलेली आहे. बार्शी इंग्रजांच्या ताब्यात, पण आजूबाजूला बघावं तिकडं निजामाचा मुलूख, त्यामुळं लातूर, धाराशिव, कळंब या बाजूचा कापूस, गळिताचं धान्य, सगळं बैलगाड्यांनी बार्शीच्या बाजारात यायचं आणि तिथून मुंबईला. त्यात १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला जो भाव आला तो आलाच. पण बार्शीहून स्टेशनापर्यंतचे ३५ किलोमीटर बैलगाडीनंच. काळी माती, पावसाळ्यात चाक रुतलं की दोनाची चार बैलं जुंपा.

तर इथं एंट्री होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरची. हा बाबा १८८२ साली जीआयपी रेल्वेत नोकरीला लागून भारतात आला. त्याच्या डोक्यात एकच किडा, की मोठ्या लाईनी पुरे झाल्या, आता त्या लाईनींना माल आणून देणाऱ्या छोट्या स्वस्त लाईनी पाहिजेत, आणि त्या सरकारच्या पैशाची वाट न बघता उभ्या राहिल्या पाहिजेत. बार्शी त्याला अगदी मनासारखं गाव सापडलं. १८९५ साली लंडनमध्ये बार्सी लाईट रेल्वे कंपनी रजिस्टर झाली, आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली.

आता जरा टेक्निकल बोलतो, कंटाळू नका, कारण या लाईनची खरी मजा इथंच आहे. मेन लाईनच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६७६ मिलिमीटर, हे ब्रॉडगेज. कॅलथ्रॉपनं घेतलं ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, निम्म्याहून कमी, हे नॅरोगेज. तोवर अशा छोट्या गेजच्या गाड्यांकडं लोक खेळणं म्हणूनच बघायचे, डोंगरात चहाचे मळे नाहीतर खाणी असल्या ठिकाणी चालणाऱ्या. यानं काय केलं, तर हिशोब उलटा लावला. रूळ स्वस्त पाहिजे म्हणजे हलका पाहिजे, हलका रूळ किती वजन पेलेल, तर एका एक्सलवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, पाच टन. ठरलं तर मग, इंजिन असो, मालाचा डबा असो, पाशिंजरचा डबा असो, कुठल्याच एक्सलवर पाच टनांच्या वर वजन जायचं नाही. आधीच्या पद्धतीत व्हायचं असं की इंजिन जड आणि डबे हलके, मग इंजिनापुरता सगळा रूळ जाडजूड टाकावा लागायचा, म्हणजे दिवसातनं दोन मिनिटं इंजिन वरून जाणार आणि तेवढ्यासाठी मैलच्या मैल लोखंडाचा खर्च. कॅलथ्रॉपनं इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटून टाकलं. लीड्सच्या किट्सन कंपनीनं त्याला इंजिनं बांधून दिली, ओढणारी आठ चाकं आणि मागं भार घ्यायला आणखी चार. रूळ किती वजनाचा, तर यार्डाला ३० पौंड, आपल्या हिशोबात मीटरला साधारण १५ किलो. आज मेन लाईनला ६० किलोचा रूळ असतो, म्हणजे चौपट.

आणि डबेही साधेसुधे नव्हते. दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी, खाली बोगी (म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा वळणारा चाकांचा गाडा), त्यामुळं स्वतःचं वजन कमी आणि माल जास्त मावायचा. हे सगळं इकडं पाठवायच्या आधी १८९६ साली लीड्सजवळ मुद्दाम एक ट्रॅक टाकून जगभरच्या रेल्वेवाल्यांना चालवून दाखवलं. म्हणजे बार्शीचा कापूस ओढणारी गाडी आधी इंग्लंडात प्रदर्शनात पळाली, आणि पुढं कितीतरी देशांतल्या नॅरोगेजवाल्यांनी बार्शीचं उदाहरण समोर ठेवलं. बार्शीकरांनी याचा म्हणावा तेवढा गाजावाजा केला नाही असं आपलं माझं मत. जाता जाता सांगतो, याच माणसानं नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, गार्डियन एंजल नावाचं, पहिल्या महायुद्धात त्याचा वापरही झाला. कुठं बार्शी आणि कुठं पॅराशूट, पण डोकं एकच, कमी वजनात काम कसं भागवायचं.

आता या हुशारीचा एक तोटा होता आणि तो तोटा म्हणजेच कुर्डुवाडी. बार्शीहून कापसाच्या गाठी भरून छोटी गाडी आली, इथवर आली, आणि पुढं? डबा मोठ्या लाईनवर चढतच नाही. मग प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं हमालांनी खांद्यावर नाहीतर पाठीवर घेऊन छोट्या डब्यातनं काढायचं आणि मोठ्या डब्यात रचायचं. मुंबईहून आलेला माल परत उलटा. शेंगदाणा, करडई, साखर, रॉकेल, खत, जे काय असेल ते. यात माल सांडायचा, वेळ जायचा, खर्च वाढायचा, व्यापारी बोंबलायचे, पण त्याच खर्चातनं इथं मुकादम आले, हमाल आले, त्यांच्यासाठी खानावळी, गोदामं, दुकानं आली. पाशिंजरचंही तेच. मेन लाईनची गाडी अपरात्री आणि छोटी गाडी सकाळी असं असलं की माणसं वळकट्या टाकून प्लॅटफॉर्मवर झोपणार, चहा पिणार, जेवणार. वर नॅरोगेजची इंजिनं-डबे दुरुस्त करायला वर्कशॉप इथंच, म्हणजे फिटर, लोहार, सुतार, बॉयलरवाले, सगळ्यांची क्वार्टर्स इथं. रेल्वेच्या पुस्तकात जो खर्च फुकट गेला असं लिहिलेलं असणार, तो कुर्डुवाडीत पगार म्हणून वाटला जात होता.

लाईन बार्शीला थांबली नाही. १९०६ साली दुसऱ्या बाजूनं कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत रूळ गेले आणि कंपनीला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, वारकरी. कापूस काय हंगामी, पाऊस पडला नाही तर नाही, पण आषाढी-कार्तिकी चुकत नाही. आणि इथं एक मस्त योग आहे. एकादशी पंढरपूरला करायची आणि द्वादशी बार्शीला भगवंताच्या देवळात, अशी आपल्याकडं परंपरा आहे. ही दोन्ही गावं आता एकाच लाईनवर आली, मध्ये कुर्डुवाडी. लंडनच्या भागधारकांना द्वादशीचं महत्त्व कळलं असेल नसेल, डिव्हिडंडचं नक्की कळलं असणार.

बार्शीच्या पुढं येडशीकडं लाईन गेली, रामलिंगच्या घाटातनं, तो भाग पावसाळ्यात कुणी पाहिला असेल तर सांगायला नको. मग तडवळे, आणि १९११ साली लातूर. हे सगळं निजामाच्या राज्यात बरं का, म्हणजे इंग्रजी कंपनीची गाडी इंग्रजी मुलखातनं निघून निजामाच्या मुलखात शिरायची, मध्ये करोडगिरीची, म्हणजे मालावरच्या जकातीची, नाकी. लातूरच्या बाजारपेठेचा उत्कर्ष बघायचा असेल तर हे १९११ साल लक्षात ठेवावं लागतं. आधी लातूरचा माल बार्शीला यायचा, रेल्वे आल्यावर लातूर स्वतःच बाजार झालं. बार्शीनं गाडी आणली आणि त्या गाडीनं बार्शीची मक्तेदारी मोडली, व्यापारात हे असंच चालतं. तरी बार्शीत पुढं जयशंकर मिल, लोकमान्य मिल निघाल्या, गाव काही मागं पडलं नाही.

शेवटचा मोठा तुकडा पंढरपूर ते मिरज, सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ, आरग असं करत. तो १९२७ ला झाला, आणि त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. आता मिरज-कुर्डुवाडी-लातूर मिळून २०२ मैल, सव्वातीनशे किलोमीटर नॅरोगेज, एका खाजगी कंपनीची.

स्वातंत्र्यानंतरचं भराभर सांगतो. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली, लाईन मध्य रेल्वेत गेली. कोळशाची इंजिनं जाऊन डिझेल आलं. पण तोवर एसटी गावागावात पोचली होती, ट्रक आले होते, आणि व्यापाऱ्याला जर बार्शीतनं ट्रक भरून थेट मुंबईला पाठवता येत असेल तर तो कुर्डुवाडीत माल कशाला उतरवेल? गाडीचा वेग तर असा की चालत्या गाडीतनं उतरून परत चढल्याचे किस्से त्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडं असतात, त्यातले निम्मे खरे धरू. ब्रॉडगेज करा ही मागणी वर्षानुवर्षं चालली, बजेट आलं की आश्वासन, बजेट गेलं की पुढच्या बजेटची वाट.

काम झालं ते २००० सालानंतर, तुकड्या तुकड्यानं. लातूर ते धाराशिव २००७, धाराशिव ते कुर्डुवाडी २००८, आणि मग पंढरपूर-मिरज. यात जुनी छोटी गाडी धाराशिव शहरात जातच नव्हती, ते जिल्ह्याचं गाव असून बाजूला राहिलं होतं, नवीन लाईन मुद्दाम वळवून तिथनं नेली. लातूरचं गावातलं जुनं स्टेशन गेलं आणि नवं बाहेर झालं. मुंबई-लातूर एक्सप्रेस सुरू झाली, रात्री बसा आणि सकाळी उतरा, कुर्डुवाडीला गाडी बदलायची भानगडच संपली.

या सगळ्या खर्चाचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर एप्रिल २०१६ आठवा. लातूरला पाणी नव्हतं, मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावली होती. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. टँकरचे डबे राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेले, पाणी कृष्णेचं, मिरजेत रेल्वेच्या हैदरखान विहिरीपाशी शुद्ध करून भरलेलं. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला लागली, दहा डबे, पाच लाख लिटर. नंतर पन्नास डब्यांची गाडी यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. अंतर ३४२ किलोमीटर. आणि रस्ता कुठला? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, म्हणजे कॅलथ्रॉपच्या कंपनीचाच. नॅरोगेज असतं तर कोट्याचे ते डबे या लाईनवर चढलेच नसते, आणि कुर्डुवाडीत काही पोत्यासारखं पाणी खांद्यावरनं या डब्यातनं त्या डब्यात टाकता आलं नसतं.

कुर्डुवाडीचं मात्र अवघड झालं. माल बदलायचा नाही, गाडी बदलायची नाही, नॅरोगेज नाही म्हणजे नॅरोगेजचं वर्कशॉपही कशाला, असा प्रश्न आलाच. वर्कशॉप अजून आहे, माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामं इथं आलेली आहेत, ब्रॉडगेजचीही काही कामं दिली जातात, पण जुना रुबाब नाही. आणि याच लाईनवर लातूरजवळ हरंगुळला रेल्वेनं नवा कोच कारखाना काढला, २०१८ ला पायाभरणी झाली, २०२० च्या शेवटी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. मराठवाड्याला कारखाना मिळाला याचा आनंदच आहे, तिथल्या पोरांना काम पाहिजेच. पण मला विचाराल तर पिढ्यान् पिढ्या डबे खोलून जोडणारे कारागीर ज्या गावानं तयार केले, त्या गावाच्या वर्कशॉपला त्या कारखान्याच्या कामातला थोडा वाटा द्यायला काय हरकत होती? लाईन एकच आहे, गेजही आता एकच आहे, माल उतरवायचं कारणही पुढं करता येत नाही.