उलाढाल वाढली, माल घटला: टाइल्सच्या रंगाच्या कारखान्याचं एक वर्ष

(दृश्य: भट्टीच्या तोंडातून पडणारी लालभडक धार. खाली पाण्याचं टाकं. तडतड आवाज.)

ही धार काचेची आहे. भट्टीत १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेलं हे मिश्रण थेट पाण्यात पडतं, क्षणात फुटतं आणि खडीसाखरेसारखे तुकडे तळाशी जमतात. याला म्हणतात फ्रिट. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टाइलवर जी गुळगुळीत चकाकी दिसते, तिचा पाया हाच.

कच्चं मिश्रण आधी वितळवून काच का करायची? कारण चकाकीसाठी लागणारा बोरॅक्स पाण्यात विरघळतो. तो तसाच ग्लेझच्या, म्हणजे टाइलवर चढवायच्या चकाकीच्या लेपाच्या, पाण्यात टाकला तर मिश्रण हाताबाहेर जातं, आणि बोरॅक्स पाण्याबरोबर टाइलच्या अंगात मुरतो. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, झिंक ऑक्साइड, झिरकॉन यांच्यासोबत एकदा वितळवला की तो काचेत कायमचा बांधला जातो.

(दृश्य: स्पेनचा पूर्व किनारा. संत्र्यांच्या बागा, त्यामागे कारखान्यांची छपरं.)

स्पेनच्या कास्तेयॉन प्रांतात विला-रेआल, ओंदा, अल्मासोरा आणि लाल्कोरा ही गावं काही किलोमीटरच्या टापूत आहेत. लाल्कोरात १७२७ मध्ये आरांदाच्या काउंटने चिनी मातीच्या भांड्यांसारखी मुलामा दिलेली भांडी करण्याचा कारखाना काढला. आज याच टापूत टाइल्सचे कारखाने आहेत आणि त्यांना फ्रिट, ग्लेझ, रंग, शाई पुरवणाऱ्या कंपन्याही. तोर्रेसिड १९६३ मध्ये लाल्कोरात सुरू झाली, एस्मालग्लास १९७८ मध्ये विला-रेआलमध्ये. आपल्या गुजरातेत, टाइल्सच्या कारखान्यांच्या मोरबीत जी चकाकी टाइलवर चढते, तिच्या कृतीमागे या गावांतल्या प्रयोगशाळांचं काम बरंच आहे.

अशा कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की नजर आधी उलाढालीवर जाते. या धंद्यात तो आकडा सर्वात शेवटी पाहावा.

(दृश्य: गॅसच्या पाइपलाइनवरचा मीटर.)

२०२१ च्या सुरुवातीला युरोपातल्या घाऊक बाजारात एक मेगावॉट-तास नैसर्गिक वायू वीस युरोच्या आसपास मिळत होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तोच भाव तीनशेच्या वर गेला. आता एक हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. एक टन फ्रिट वितळवायला साडेतीन मेगावॉट-तास गॅस लागतो असं धरू. एका तिमाहीत कारखान्याने १,००० टन माल ९०० युरो टन भावाने विकला. विक्री ९ लाख युरो. गॅसचा भाव २०, म्हणजे गॅसवर गेले ७० हजार. हातात उरले ८ लाख ३० हजार.

पुढे गॅस २०० वर गेला. कंपनीने भाव वाढवून १,४०० केला. गिऱ्हाइकांनी भट्ट्या बंद ठेवल्या, त्यामुळे माल गेला ८५० टन. विक्री ११ लाख ९० हजार. कागदावर ३२ टक्के वाढ! पण गॅसचं बिल आलं ५ लाख ९५ हजार. उरले तेवढेच, ५ लाख ९५ हजार. त्यातून माती-खनिजं, पगार, वाहतूक, व्याज सगळं भागवायचं. विक्री जवळजवळ एक तृतीयांशाने चढली आणि हातातली रक्कम पाव हिश्श्याहून जास्त घसरली.

हे नुसतं कागदी गणित नाही. स्पेनच्या टाइल उद्योगाने, म्हणजे या कंपन्यांच्या घरच्या गिऱ्हाइकाने, २०२१ मध्ये सुमारे ५८.७ कोटी चौरस मीटर टाइल्स बनवल्या. २०२२ मध्ये उत्पादन सुमारे ५० कोटींवर आलं, तरी त्या वर्षी उलाढाल मात्र वाढली. २०२३ मध्ये उत्पादन आणखी घसरून ३९.४ कोटींच्या आसपास आलं. दोन वर्षांत टाइल्सच्या उत्पादनातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. भट्टीत टाइल जात नसेल तर तिच्यावरचं ग्लेझ कोण घेणार? म्हणून अहवालात आधी टन शोधायचे. टनांचा आकडाच दिला नसेल, तर कंपनीच्या मुख्य गिऱ्हाइकांनी किती चौरस मीटर भाजले ते पाहायचं.

(दृश्य: निळी पूड, अगदी जवळून. बोटाला लागलेला डाग.)

आता हा निळा रंग. कोबाल्ट अॅल्युमिनेट. शुद्ध स्वरूपात याच्या वजनाचा तिसरा हिस्सा निव्वळ कोबाल्ट हा धातू असतो. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतं, आणि त्याला सर्वात मोठी मागणी बॅटरीवाल्यांची. टाइलवाला त्या रांगेत मागे उभा आहे. लंडनच्या धातुबाजारात २०१८ च्या वसंतात कोबाल्ट टनाला नव्वद हजार डॉलरच्या वर होतं. वर्षभरानंतर भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. २०२२ मध्ये पुन्हा ऐंशी हजारांवर, मग पुन्हा घसरण. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोने काही काळ निर्यातच थांबवली.

चढत्या भावात गोदामातला जुना, स्वस्तात घेतलेला साठा विकला की नफा फुगतो. ती हुशारी उत्पादनाची नसते, साठ्याची असते. भाव उतरला की महाग घेतलेलं कोबाल्ट बाजारभावाला आणून लिहावं लागतं आणि तोटा त्याच वर्षात दिसतो. दोन लागोपाठ वर्षांचे नफे जोडून पाहिले, तरच खरी चाल कळते.

पिवळा, नीलहिरवा आणि कोरल, म्हणजे पोवळ्यासारखा लालसर, यांची गोष्ट वेगळी. तिन्हींचा सांगाडा झिरकॉन या खनिजाचा. त्यात प्रेसिओडायमियम हा धातू बसवला की पिवळा, व्हॅनेडियम हा धातू बसवला की नीलहिरवा, आणि लोहाचे कण कोंडले की कोरल. भाजताना फ्लोराइड थोडं घालतात, म्हणजे झिरकॉनचे स्फटिक हजार अंशांच्या आसपासच तयार होतात. भाजण्याच्या भांड्याचं झाकण नीट बसलं नाही तर फ्लोराइड उडून जातं आणि रंग फिका निघतो. कोरल सर्वात नाठाळ. लोह झिरकॉनच्या आत कोंडलेलंच राहायला हवं. बाहेर राहिलं तर ग्लेझ ते खाऊन टाकतं.

(दृश्य: छपाई यंत्राखालून सरकणाऱ्या टाइल्स.)

पूर्वी रंग रोलरने किंवा जाळीतून चढवायचे. अल्मासोरातल्या केराजेट कंपनीने या शतकाच्या वळणावर टाइलसाठी इंकजेट, म्हणजे बारीक छिद्रांतून शाईचे थेंब उडवून छापणारं, यंत्र आणलं, आणि पुढच्या दशकभरात धंद्याची चाल बदलली. शाईतला रंगाचा कण एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान लागतो, नाहीतर छिद्रं तुंबतात. तेवढं बारीक दळलं की कोंडलेलं लोह उघडं पडतं, म्हणून इंकजेटने छापलेल्या टाइलवर ठसठशीत लाल मिळवणं अजून अवघड आहे. आणि वजन? एका चौरस मीटर टाइलचं वजन वीस किलोच्या घरात, ग्लेझ वाळल्यावर साधारण अर्धा किलो, शाई दहा-बारा ग्रॅम. रंगाच्या विक्रीचे टन त्यामुळे कोसळले, किलोचा भाव मात्र कित्येक पटींनी वाढला. मग स्पर्धा आली आणि तो भावही उतरत गेला. जुन्या अहवालातला रंगाचा टन आणि आजचा टन शेजारी ठेवून तुलना करू नये.

दहा ग्रॅमची दुसरी बाजू धोक्याची आहे. एक किलो शाई शंभर चौरस मीटर छापते. पाचशे किलोचा एक लॉट बिघडला, तर पन्नास हजार चौरस मीटर टाइल्स वाया जाऊ शकतात. गिऱ्हाईक दावा करतो तो शाईच्या किमतीचा नाही, टाइल्सच्या किमतीचा. ग्लेझचंही तसंच. त्याचं प्रसरण टाइलच्या अंगापेक्षा जास्त असेल, तर थंड होताना त्यावर केसासारख्या भेगा पडतात, कधी काही महिन्यांनी, भिंतीवर बसल्यावर. ताळेबंदात दाव्यांसाठी किती तरतूद केली आहे, ती ओळ जरूर वाचावी. विक्री वाढत असताना तरतूद घटत असेल, तर विचारायला हवं.

(दृश्य: प्रयोगशाळा. तिरक्या टाइलवर ठेवलेलं ग्लेझचं बटण, भाजण्याआधी आणि नंतर.)

हा दावा टाळण्याचं काम इथे चालतं. ग्लेझची पूड दाबून बटणाएवढी वडी करतात, टाइलवर ठेवून, टाइल तिरकी करून भाजतात. वडी वितळून किती खाली ओघळली ते मोजायचं. प्रमाण नमुन्यापेक्षा ओघळ दोन मिलिमीटर जास्त निघाला, तर भट्टीतल्या मिश्रणाचं वजन पुन्हा तपासायचं. रंगाची पट्टी नमुन्याच्या शेजारी, एकाच टाइलवर, एकाच वेळी भाजतात. वेगवेगळी भाजली तर फरक रंगाचा की भट्टीचा, ते कळतच नाही.

या प्रयोगशाळेचं वेगळं बिल निघत नाही. ग्लेझचं सूत्र, नवी डिझाइन्स, गिऱ्हाइकाच्या लाइनवर पहाटे उभा राहणारा तंत्रज्ञ, या सगळ्यांचा पगार फ्रिटच्या आणि शाईच्या किलोमध्येच दडलेला असतो. टन कमी झाले म्हणून ही माणसं कमी करता येत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी इटलीतल्या बोलोन्यात टाइल्सचं चेर्साइए प्रदर्शन भरतं. तिथे नवी डिझाइन्स दिसली नाहीत, तर पुढच्या वर्षीचे टन आणखी घटतात. मंदीत प्रयोगशाळा कापून नफा दाखवणारी कंपनी पुढच्या दोन वर्षांची विक्री खाते आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उधारी हा आणखी एक दाब. स्पेनमध्ये कायद्याने साठ दिवसांची मर्यादा आहे. गिऱ्हाइकांकडचे पैसे सरासरी एक महिना उशिरा आले, तर वर्षाच्या विक्रीचा बारावा हिस्सा बाहेर अडकतो. खनिजं पुरवणारा थांबत नाही. मग बँकेचं कर्ज वाढतं आणि नफा व्याजात जातो. व्याजाचा मुद्दा मोठ्या समूहांसाठी आणखी महत्त्वाचा, कारण गेल्या काही वर्षांत या धंद्यात गुंतवणूक निधी उतरले. २०१७ मध्ये लोन स्टार या निधीने एस्मालग्लास समूह घेतला, २०२१ मध्ये त्याला फेरो या कंपनीचा टाइलविभाग जोडून अल्तादिया नाव दिलं, आणि पुढे कार्लाइल या दुसऱ्या निधीने तो समूह घेतला. खरेदीने वाढलेली विक्री आणि स्वतःच्या भट्टीतून वाढलेली विक्री अहवालात वेगळी शोधावी लागते.

(दृश्य: ३१ डिसेंबर. गोदाम. हातात याद्या घेतलेली माणसं.)

वर्षाचा शेवटचा दिवस, साठ्याची मोजणी. फ्रिटच्या पोत्यांना काही होत नाही, काच आहे, वर्षानुवर्षं टिकते. शाईच्या पिंपांचं तसं नसतं. झाकण उघडून लांब काठी तळापर्यंत घालतात. तळाशी रंग दगडासारखा बसला आहे की ढवळल्यावर सुटतो, हे हाताला लगेच कळतं. सुटला तर नमुना प्रयोगशाळेत जातो. ज्या पिंपातला रंग ढवळूनही वर येत नाही, त्याची किंमत त्याच संध्याकाळी यादीत शून्य लिहिली जाते.