नव्या गाडीची पहिली सर्व्हिस आणि मामांच्या इंजिनातले लोणी

श्रोतेहो, नमस्कार. नवी गाडी घरी आल्यावर तिची पहिली सर्व्हिस केव्हा करावी आणि इंजिनचे ऑईल केव्हा बदलावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. पुष्कळ कंपन्यांच्या पेट्रोल मोटारींची पहिली तपासणी १,००० किलोमीटर किंवा एक महिना झाल्यावर असते, काहींची त्याहून थोडी उशिरा. आणि ऑईल साधारणपणे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष झाल्यावर बदलले जाते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्यासोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. दोन्ही ठिकाणी मी 'किंवा' म्हटले, हे कृपया ध्यानात ठेवा. किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी होईल ते.

या 'किंवा'वरून मला माझे मामा आठवतात. मामा डिचोलीला राहतात आणि तेथल्याच एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक लहान पेट्रोल मोटार घेतली, दारात तिची यथासांग पूजा केली आणि भटजींनी बॉनेट उघडायला लावून इंजिनावरही तीर्थ शिंपडले. त्यानंतर ती गाडी रोज सकाळी बाजारात आणि संध्याकाळी देवळात अशी दीड-दोन किलोमीटरांची फेरी करी आणि उरलेला वेळ आच्छादनाखाली विश्रांती घेई. महिन्याभरात सर्व्हिससाठी फोन आला, तेव्हा मीटरवर शंभर किलोमीटरही झाले नव्हते. मामांनी त्यांना सांगितले की, हजार झाले म्हणजे मीच येईन. वर्ष उलटून वर दोन पावसाळे झाले, तरी मीटर दोन हजारांच्या आतच होता, आणि दहा हजारांना अवकाश असल्यामुळे ऑईलचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता.

चतुर्थीच्या आधी मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी मला गुपचूप गाडीपाशी नेले आणि ऑईल भरायचे झाकण फिरवून दाखवले. झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळसर पांढरा, थेट लोण्यासारखा थर जमला होता. "भटजींनी तीर्थाऐवजी पंचामृत ओतले असावे," मामा गंभीरपणे म्हणाले, "दुधाशिवाय असा रंग येत नाही." मी त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेलो. तेथला मिस्त्री त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याने झाकण पाहिले, डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी मोजायची पट्टी, पाहिली, पुस्तिका उघडून सरांच्या पुढ्यात धरली आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, किलोमीटर आणि महिने यांच्यामध्ये येथे 'आणि' लिहिले आहे की 'किंवा'?" आयुष्यभर मुलांना विकल्पबोधक उभयान्वयी अव्यये शिकवलेले मामा क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "'किंवा' आहे." मिस्त्री म्हणाला, "याच चुकीसाठी सर, तुम्ही मला बाकावर उभे केले होते."

ते लोणी आले कोठून, हे थोडक्यात सांगतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, परंतु थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑईलपर्यंत पोचते. गाडी लांब पल्ल्यावर धावली, तर ऑईल चांगले तापते आणि हे पाणी उडून जाते. दोन किलोमीटरांत ऑईल तापतच नाही. पाणी आत राहते, न जळलेले पेट्रोलही थोडे मिसळते, आणि घुसळण होऊन तो थर झाकणाखाली जमतो. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्यात भरच घालतो. म्हणून गाडी कमी चालते हे ऑईल न बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते. धुळीच्या रस्त्यावर किंवा सतत छोट्या फेऱ्यांत चालणाऱ्या गाडीचे ऑईल त्याहूनही लवकर बदलावे, असे अनेक पुस्तिकांतच लिहिलेले असते.

पहिल्या सर्व्हिसमध्ये बहुतेक गाड्यांचे ऑईल बदलत नाहीत, ही गोष्ट जुन्या चालकांना पटत नाही. तेव्हा गळती, ब्रेक, नट-बोल्ट, टायरमधील हवा आणि ऑईलची व कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी तपासली जाते. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी मोफत. पुढे ऑईल आणि फिल्टर बदलतात, तेव्हा त्यांचे पैसे द्यावे लागतात. मात्र मोफत आहे म्हणून भलत्याच वस्तू माथी मारून घेऊ नयेत. ऑईलमध्ये घालायची रंगीत औषधे मला तर निव्वळ पैशांचा अपव्यय वाटतात. याउलट पहिले हजार किलोमीटर गाडी बेताने चालवणे पूर्णपणे फुकट आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये, तासन् तास एकाच वेगाने जाऊ नये, आणि नव्या गाडीत सगळे गणगोत भरून पहिल्याच आठवड्यात चोर्ला घाट चढण्याचा हट्ट धरू नये. ऑईल काळे दिसले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. इंजिनातील काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, एवढे पाहावे.

मामांच्या इंजिनाचे सुदैवाने नुकसान झाले नव्हते. ऑईल आणि फिल्टर बदलले, आणि आता दर रविवारी ते गाडी पणजीपर्यंत नेऊन आणतात. ऑईल बदलल्याची तारीख त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकटीत लाल शाईने लिहून ठेवली आहे. भटजींची क्षमा मात्र त्यांनी अद्याप मागितलेली नाही.