८,५४३ गुणिले ८,५४३

इंग्लंड, चेस्टर क्राउन कोर्ट, १९९९. आरोपीच्या जागी उभी आहे सॅली क्लार्क, स्वतः पेशाने वकील, आणि आरोप काय तर पोटच्या दोन तान्ह्या मुलांचा खून. पहिला ख्रिस्तोफर, ११ आठवड्यांचा असताना गेला, दुसरा हॅरी, ८ आठवड्यांचा. सॅलीचं म्हणणं एकच, मी काहीही केलेलं नाही.

मग साक्षीला आले बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो. त्यांनी आकडा सांगितला: खाऊनपिऊन सुखी, सिगरेट न ओढणाऱ्या अशा घरात बाळ झोपेतच अचानक दगावायची शक्यता ८,५४३ मध्ये १. आणि दोन बाळं? ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे जवळजवळ ७ कोटी ३० लाखांत १. ज्यूरीतल्या साध्या माणसांना एवढा मोठा आकडा ऐकल्यावर दुसरं काय वाटणार हो! १० विरुद्ध २ मतांनी दोषी, जन्मठेप.

आता इथे जरा थांबूया, कारण सगळी गडबड त्या गुणाकारात आहे.

पत्त्यांचा कॅट घ्या. ५२ पानं, ४ एक्के. एक पान ओढलं, एक्का निघाला, तो परत आत घालून नीट पिसलं तर पुढच्या वेळीही शक्यता ५२ पैकी ४ च, पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, या झाल्या स्वतंत्र घटना, इथे सरळ गुणा. पण एक्का हातातच ठेवला तर? आता उरली ५१ पानं आणि एक्के ३. म्हणजे पहिल्यांदा जे झालं त्याने दुसऱ्या वेळेची शक्यताच बदलली. ही अवलंबी घटना, इथे गुणायचं असेल तर बदललेल्या शक्यतेने गुणायचं, जुन्या नाही.

सख्खे भाऊ म्हणजे परत आत घालून पिसलेली पानं नव्हेत ना! आईबाप तेच, निम्मे जीन्स सारखे, घर तेच, पहिल्या बाळाला जो आजार किंवा दोष नडला तोच दुसऱ्यालाही असू शकतो, म्हणजे एका घरात असा एक मृत्यू झाला असेल तर दुसऱ्याची शक्यता वाढते, ८,५४३ मध्ये १ राहतच नाही. पत्त्यांत शक्यता घटली, इथे ती वाढते, पण दोन्हीकडे जुनाच आकडा धरून चालत नाही.

२००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने, म्हणजे ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने, जाहीर निवेदन काढून हेच सांगितलं, की या गुणाकाराला काही आधार नाही. तोवर २००० सालचं पहिलं अपील फेटाळलं गेलं होतं आणि सॅली तुरुंगातच होती, हे मला आजही भयंकर वाटतं, कारण हे गणित अकरावी-बारावीचं आहे.

जानेवारी २००३ मध्ये ती सुटली. मुख्य कारण वेगळं होतं, हॅरीच्या शरीरात जिवाणू सापडल्याचा रिपोर्ट बचाव पक्षाला दाखवलाच नव्हता. पण अपील कोर्टाने त्याच निकालात असंही म्हटलं, की त्या आकड्याच्या मुद्द्यावर पूर्ण युक्तिवाद झाला असता तर बहुधा तेवढ्यावरही अपील मान्य झालं असतं.