सेफ्टी कार आत कधी बोलवायची?

नमस्कार श्रोतेहो. फॉर्म्युला वनमध्ये सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून वेग कमी ठेवणारी गाडी, बाहेर येते ती ट्रॅकवर मार्शल, म्हणजे शर्यतीचे मदतनीस, उतरणार असतात म्हणून. मोडलेली गाडी हलवायची, कार्बन फायबरचे तुकडे वेचायचे, तेही शेजारून गाड्या जात असताना. म्हणून सगळ्यांनी सेफ्टी कारमागे रांगेत राहायचं, ओव्हरटेक बंद.

या रांगेत एक फेरी मागे पडलेल्या गाड्याही आघाडीवाल्यांच्या मध्ये येतात. त्यांना पुढे सोडलं, की त्या जवळजवळ अख्खा ट्रॅक वेगाने फिरून शेपटाला येतात. मार्शल रस्त्यावर असताना हे चालणारच नाही. आधी ट्रॅक मोकळा, मग हा आदेश.

१२ डिसेंबर २०२१, अबू धाबी, हंगामातली शेवटची शर्यत. विजेतेपदासाठी झुंजणारे चालक हॅमिल्टन आणि वेर्स्टॅपन यांचे गुण सारखेच, ३६९.५. एकूण फेऱ्या ५८. ५३व्या फेरीत लतीफी या चालकाची गाडी १४व्या वळणावर आदळली आणि सेफ्टी कार बाहेर आली. वेर्स्टॅपनने पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या जागी, येऊन नवे, जास्त वेग देणारे सॉफ्ट टायर घातले. हॅमिल्टन जुन्या हार्ड टायरवरच राहिला. दोघांच्या मध्ये मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. शर्यतीचं नियंत्रण करणारे रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी आधी कळवलं, गाड्या सोडणार नाही. मग फक्त त्या पाच सोडल्या, उरलेल्या तीन तशाच ठेवल्या. नियमाप्रमाणे शेवटची गाडी पुढे गेल्यावर सेफ्टी कारने आणखी एक फेरी थांबायला हवं होतं. ती त्याच फेरीअखेर आत आली. शेवटच्या फेरीत, पाचव्या वळणावर वेर्स्टॅपन पुढे गेला आणि विश्वविजेता झाला.

शर्यत शक्यतो हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे सेफ्टी कारमागे नव्हे तर पूर्ण वेगात, संपावी, असं संघांचंच आधीपासून म्हणणं होतं. इच्छा रास्तच आहे, पण तेवढ्यासाठी नियमातली पायरी गाळता येत नाही. त्या क्षणी रेस डायरेक्टरपुढे नियमात बसणाऱ्या दोन वाटा होत्या: आठही गाड्या सोडून पुढची फेरी थांबायचं, म्हणजे शर्यत सेफ्टी कारमागेच संपली असती, किंवा एकही न सोडता लगेच शर्यत सुरू करायची. त्यातच हॅमिल्टन आणि वेर्स्टॅपन यांच्या संघांचे प्रमुख रेडिओवरून थेट त्यांच्याशी हुज्जत घालत होते. हे कुणी चालू कसं दिलं, हाच माझ्या मते मोठा दोष.

एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेच्या अहवालाने चूक मानवी ठरवली, निकाल कायम ठेवला. २०२२ पासून संघप्रमुखांचा तो थेट रेडिओ बंद झाला, जिनिव्हातून मदत करणारं नियंत्रण केंद्र आलं, आणि मागे पडलेल्या गाड्या हाताने शोधण्याऐवजी सॉफ्टवेअर त्यांची यादी देऊ लागलं. आता गाड्या सोडण्याचा संदेश गेला, की त्याच्या पुढच्या फेरीअखेर सेफ्टी कार आत येते.