चवदार तळ्याचा दावा आणि पुराव्याचं ओझं

श्रोतेहो, नमस्कार.

अस्पृश्यतेविरुद्धचे कायदे, हा आजचा विषय. आकाशवाणीकडून पत्र आलं तेव्हा मी शहाण्यासारखी कायद्याची पुस्तकं काढून बसले. कलमांवर खुणा केल्या. आणि अर्ध्या तासात पुस्तकं मिटून मनानं महाडला पोचले. माझं हे असंच होतं. वकिलीत आयुष्य गेलं, पण चवदार तळ्याच्या दाव्याइतका दुसरा कुठला दावा मनात घर करून राहिला नाही.

सत्याग्रह तुम्हाला माहीत आहे. २० मार्च १९२७, बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्यायले, त्यांच्यामागे हजारो लोक प्यायले. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे थांबते. मला सांगायची आहे ती इथून पुढची, कोर्टातली. दहा वर्षं चाललेली.

पण आधी चार वर्षं मागे जाऊ. ४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनंही ठराव केला. तळं खुलं झालं. कागदावर. नुसतं कागदावर. १९२७ ला महाडला परिषद भरली, तळं गावातच, आणि परिषदेच्या मंडळींना पाणी विकत घ्यावं लागलं. किती रुपयांचं? ४० रुपयांचं! त्या काळचे ४० रुपये. नगरपालिकेचा ठराव दप्तरात, आणि पाणी रोख पैशानं.

सत्याग्रहानंतर गावात आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. मग निघाली तळ्याची शुद्धी. १०८ घागरी पाणी उपसलं, शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतलं, मंत्र म्हटले, तळं शुद्ध झालं. ज्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, त्या तळ्याची ही कथा. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. तेवढ्यात गावातल्या काही सवर्ण मंडळींनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा ठोकला. म्हणणं काय, तर तळं सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचं नाही ही अनादि काळापासूनची रूढी आहे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याच्या पाण्याला कुणी हात लावला नाही. ज्यांची डोकी फुटली होती, ते लोक कोर्टाचा हुकूम पाळत होते. याला किती धीर लागत असेल, विचार करा.

दावा चालला. खालचं कोर्ट, मग अपील, मग मुंबई हायकोर्ट. तिथे न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. नाव ओळखीचं वाटतंय ना? १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. इतिहासात अशी माणसं दोन दारांतून आत येतात आणि आपण एकच दार लक्षात ठेवतो. असो.

१७ मार्च १९३७ ला निकाल लागला. बाबासाहेब जिंकले. का जिंकले, ते नीट ऐका. कोर्ट म्हणालं, तळं नगरपालिकेचं आहे. आणि रूढी अनादि काळापासूनची आहे असं तुम्ही म्हणता ना? मग सिद्ध करा. पुरावा द्यायचा होता दावा लावणाऱ्यांनी. तो त्यांना देता आला नाही. दावा बुडाला.

आता यातली गंमत म्हणा, खंत म्हणा. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे, असं त्या निकालात कुठेही नाही. कसं असेल? तसा कायदाच नव्हता. रूढी सिद्ध झाली असती तर? कोर्टानं तेवढंच म्हटलं, की मग ती वाजवी आहे का, लोकहिताच्या विरुद्ध आहे का, हे पाहावं लागलं असतं. म्हणजे दहा वर्षं लढून तळं मिळालं ते समोरच्याचा पुरावा कमी पडला म्हणून.

(जाता जाता एक तक्रार. असे निकाल सोप्या मराठीत शाळेच्या पोरांच्या हाती का देत नाहीत? आपल्याकडे कायद्याचं मराठी म्हणजे ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’. वाचणारा दुसऱ्या ओळीला झोपतो.)

पुरावा कोणी द्यायचा, हा प्रश्न धरून ठेवा. कारण पुढचे कायदे तिथूनच समजतात. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेनं आजचा अनुच्छेद १७ स्वीकारला: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, कोणत्याही स्वरूपात ती पाळायला मनाई आहे. १९५५ ला त्याला गुन्ह्याचा कायदा जोडला गेला, १९७६ च्या दुरुस्तीत त्याचं नाव झालं नागरी हक्क संरक्षण कायदा. त्यातलं कलम १२ पाहा. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत या कायद्याखालचं कृत्य घडलं, तर ते अस्पृश्यतेपोटीच घडलं असं कोर्ट धरून चालतं. तसं नाही हे सिद्ध करायचं कोणी? आरोपीनं. महाडला रूढीवाल्यांकडे पुरावा मागावा लागला होता. इथे तो कायदाच मागतो.

एक प्रसंग सांगते. एका तालुक्याच्या गावी स्टँडबाहेर चहाला थांबले होते. सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा, एका म्हाताऱ्या बाबांना तेवढा कागदी कप. मी विचारलं तर टपरीवाला म्हणाला, ‘‘ग्लास संपले हो ताई.’’ त्याच्या कोपरापाशी ट्रेमध्ये तीन ग्लास पालथे घातलेले, धुतलेले, पाणी निथळत होतं. हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा कलम ४ खालचा गुन्हा. मी बाबांना म्हटलं, चला, तक्रार देऊ. ते म्हणाले, ‘‘बाई, तुमची एसटी येईल आत्ता. मला रोज इथूनच जायचंय.’’

एसटी आली. मी गेले.

या कायद्यातली शिक्षा पाहाल तर एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. ५०० रुपयांत आज दोघांचं जेवणही धड होत नाही. ते सुधारायला हवं, हे माझं कधीचं मत. पण याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. इतिहासाचा, तत्त्वज्ञानाचा किंवा धर्माचा आधार देऊन अस्पृश्यतेचं समर्थन करणं, हाही गुन्हा. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या काही काकांनी हे कलम ७ जरूर वाचावं.

कडक कायदा आला तो १९८९ चा, ज्याला आपण सगळे ॲट्रॉसिटी म्हणतो. अंमल ३० जानेवारी १९९० पासून. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जात नाही. २०१८ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं, की गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

वेळ संपत आली, एवढं मात्र लिहूनच घ्या. याच ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४. तोंडी तक्रार दिली तर ठाणे अंमलदारानं ती लिहून घ्यायची, तुम्हाला वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची. पुन्हा सांगते: आधी वाचून दाखवायची, मग सही. आणि प्रत लगेच द्यायची. जाणूनबुजून हयगय केली तर त्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. ‘‘उद्या या, साहेब नाहीत’’ असं कुणी म्हणालं, तर त्याला कलमाचा हा आकडा सांगा.

नमस्कार.